सोलापूरहून आणलेला टू-इन-वन

जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकाच खोक्यात असलेला सेट, घ्यायला सोलापूरला जाणार असाल, तर ‘एकदम चालू कंडिशन’वाले सेट आधी यादीतून काढून टाका. मला दाखवलेल्या अशा बहुतेक सेटांचं खोकं जपानी होतं आणि पोट बाजारातलं. कॅसेटच्या दारामागे यूएसबी-ब्लूटूथचं किट, मूळ बोर्डाच्या जागी आवाज वाढवणाऱ्या ६२८३ आयसीची छोटी पट्टी, आणि डेक, म्हणजे कॅसेट फिरवणारी यंत्रणा, कधीच भंगारात गेलेला. गाणी वाजतात, दणकून वाजतात, पण तेवढंच हवं असेल तर नवा स्पीकर स्वस्त पडतो. बंद पडलेला, धूळ बसलेला, पण कुणी स्क्रूला हात न लावलेला सेट मिळाला तर तो घ्या. तो सुधारतो. पोट काढलेला सेट सुधारत नाही.

मी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलो. संध्याकाळी निघून रात्री सोलापूर. परतीची हुतात्मा भल्या सकाळी सुटते आणि मेकॅनिक मंडळी अकराच्या आधी शटर उघडत नाहीत, तेव्हा सेट आदल्या रात्रीच बांधून खोलीवर आणून ठेवावा लागतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. यात्रेसाठीच जायचं तर जरूर जा, पण तेव्हा लॉज मिळायची मारामार आणि कारागीर जागेवर नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, दुपारी गल्ल्या ओस. डिसेंबर किंवा फेब्रुवारी उत्तम.

नवी पेठेत शोधायला गेलात तर मोबाइलची कव्हरं हाती लागतील. सेट घरांत आहेत. पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठ या बाजूला, यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या तेलुगू भाषक कुटुंबांत, आणि ज्यांचं कुणी आखातात नोकरीला होतं त्यांच्याकडे. अशा घरात ओळखीनंच शिरता येतं. माझ्यासोबत तिथलाच एक मित्र होता, तो आजोबांशी तेलुगूत बोलला म्हणून कपाटावरचा सेट खाली आला. नॅशनल पॅनासॉनिकचा एका डेकचा स्टिरिओ, जावयानं सौदीहून आणलेला, वर क्रोशाचा रुमाल.

आजोबा कच्चे नव्हते. “मोबाइलवर बारा हजार दाखवायलंय की.”

“ते चालू सेटचे, आजोबा. आणि मागितलेले. मिळालेले नव्हेत.”

“मग बंद आहे म्हणून फुकट देऊ का तुम्हाला?”

फुकट नाही, बावीसशेला दिला. चहा झाला, आणि पैसे मोजायच्या आधी सेट नीट बघायची परवानगीही मिळाली. ती मागाच. कुणाला राग येत नाही.

बघायचं काय? आधी मागचे स्क्रू. खाचा घासलेल्या असतील तर आत कुणी जाऊन आलेलं आहे. मग एफएमची पट्टी. ती ७६ ते ९० असेल तर सेट जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेला आहे. आपली एफएम केंद्रं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये येतात, म्हणजे जवळपास सगळी त्या पट्टीबाहेर, आणि वर तो सेट बहुधा १०० व्होल्टचा निघतो. आखातातून आलेल्या सेटांना ही अडचण सहसा नसते, पण त्यांच्या पाठीवर व्होल्टेजचा खटका असतो. तो ११० वर राहिला असेल आणि तुम्ही तसाच आपल्या २३० मध्ये पिन खोचलीत, तर ट्रान्सफॉर्मरचा निरोप घ्या.

मग सेलचा कप्पा. आठ मोठे सेल, म्हणजे १२ व्होल्ट. सेल आत विसरलेले असतील तर पांढरट-हिरवट राप बसलेला दिसेल. व्हिनेगर लावा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अल्कलाइन सेलसाठी ठीक. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरले गेले ते झिंक-कार्बनचे साधे सेल, त्यांची गळती आम्लधर्मी. तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून कापसानं लावायचा, मग स्पिरिटनं पुसायचं. स्प्रिंग खाऊन गेली असेल तर बदलता येते. गळती बोर्डापर्यंत पोचली असेल तर सेट सोडून द्या.

स्पीकरचा कागद दोन्ही बाजूंनी बोटांनी अलगद दाबून पाहा. खरखर आली तर कॉइल घासतेय. कडेला फोमची रिंग असेल तर तिचा भुगा झालेला असण्याची तयारी ठेवा. कागदी किंवा कापडी कड टिकते. आणि टॉर्च घेऊन कॅसेटच्या दारातून हेडकडे, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या धातूच्या तुकड्याकडे, बघा. चकचकीत गोलसर असेल तर छान, मधोमध फितीच्या रुंदीची सपाट खाच दिसली तर झिजलेलं आहे.

वीज लावायची ती मेकॅनिककडेच, आणि सिरीज बल्बवरून. जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर तो बोर्ड हमखास असतो. ६० वॅटचा तारेचा बल्ब सेटच्या ओळीत जोडलेला, आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. एलईडीनं हे काम होत नाही. आमचा बल्ब क्षणभर चमकून मंदावला, एका बाजूनं खरखर आली. प्ले दाबल्यावर मोटरचा आवाज येत होता, पण रीळ हलेना. मेकॅनिक खूश झाले. “बेल्ट गेला म्हंजे काय डेक गेला नाही, मालक. मोटर गप असती तर मी बोललो असतो.”

डेक उघडला तेव्हा बेल्ट म्हणावा असा बेल्ट नव्हताच. फ्लायव्हीलला, म्हणजे बेल्टनं फिरणाऱ्या जड चाकाला, काळा, डांबरासारखा चिकटा लागलेला. काही जुन्या बेल्टांचं रबर असंच विरघळतं आणि सोलापूरचा उन्हाळा त्याला हातभार लावतो. हा चिकटा हाताला लागला की कपड्यांना, भिंतीला, सगळीकडे जातो. हातमोजे घाला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल भरपूर वापरा. दोन्ही पुल्यांचा शेवटचा कण निघेपर्यंत पुसायचं, नाहीतर नवा बेल्ट घसरतो. माप घ्यायला बेल्टच्या वाटेनं दोरा फिरवायचा आणि लांबीतून पाच ते दहा टक्के वजा करायचे. तिथे मिश्र मापांच्या बेल्टांची पिशवी मिळाली, त्यातला एक बसला. भाजीच्या जुडीचं रबर लावून देतो म्हणणारेही भेटतील. त्यावर गाणं हेलकावे खातं.

पिंच रोलर, म्हणजे फीत दाबून पुढे ओढणारं रबरी चाक, घट्ट आणि तुळतुळीत झाला होता. बारीक पॉलिशपेपरनं वरचा थर घासला, अल्कोहोलनं पुसला. पेट्रोल किंवा थिनर रबराला लावू देऊ नका, मेकॅनिक कितीही सवयीनं म्हणोत.

खरखरीचं मूळ आवाजाच्या बटणात असेल असं वाटत होतं. ते होतंच, पण एक बाजू गप होती ती रेकॉर्ड-प्लेच्या लांब सरकत्या स्विचमुळे. या स्विचमधून दोन्ही चॅनेलचे, म्हणजे डाव्या-उजव्या आवाजाचे, बरेच सांधे जातात आणि वर्षानुवर्षं न हललेल्या सांध्यांवर काळी पुटं चढतात. आत काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून स्विच वीस-पंचवीसदा मागेपुढे केला की निम्मे ‘मेलेले’ सेट उठतात, असं माझं ठाम मत झालं आहे. बोर्डावरचे सगळे कपॅसिटर सरसकट बदलायची टूम मात्र मला पटत नाही. फुगलेला, गळलेला आणि वीजपुरवठ्यातला मोठा, एवढे बदलावेत. बाकीचे वाजताहेत तोवर वाजू द्यावेत. पुढची काच काढण्याआधी डायलच्या दोरीचा फोटो काढून घ्या. ती कुठल्या पुलीवरून किती वेढे घेते हे नंतर आठवत नाही, आणि मेकॅनिकलाही ते तोंडपाठ नसतं.

कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. फिलिप्सनं १९६३ मध्ये कॅसेट आणली तेव्हापासून तोच. नवा बेल्ट बसला की हा वेग जुळवावा लागतो. बऱ्याच मोटरींच्या पाठीला बारीक भोक असतं, त्यात छोटा स्क्रू. यंत्रं नसतील तर मोबाइलवर तेच गाणं सोबत लावायचं. तीन-चार मिनिटांनी कोण पुढे गेलं ते कळतं, त्याप्रमाणे स्क्रू केसभर फिरवायचा. याला कॅसेट मात्र कारखान्यात भरलेली हवी. घरी रेकॉर्ड केलेली कॅसेट त्या घरातल्या डेकच्या वेगानं भरलेली असते.

कॅसेट आजोबांकडूनच पिशवीभर मिळाल्या. तेलुगू सिनेमाची गाणी, कन्नड भक्तिगीतं, मराठी भजनं, एकाच घरात तिन्ही. खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट लावलीत तर हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. फितीमागचा स्पंजचा तुकडा पडलेला असेल तर आवाज दबका येतो, तो दुसऱ्या फेकायच्या कॅसेटमधून काढून चिकटवता येतो. कुठलीही कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे करून घ्या. सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांची कॅसेट टाळा, फीत फार पातळ असते आणि जुन्या डेकमध्ये गुंडाळली जाते.

बेल्ट, साफसफाई, दोन कपॅसिटर आणि मजुरी मिळून खर्च सेटच्या किमतीच्या निम्म्याला पोचला. मजुरीत घासाघीस करू नका. हे काम अजून करणारे थोडेच उरलेत आणि पुढच्या वेळी तुम्हाला त्यांच्याकडेच जायचं आहे. सेट सोपवून गावभर भटकू नका, शेजारी बसा. जेवायला मध्ये उठून कडक भाकरी आणि शेंगाचटणी, मग पुन्हा स्टुलावर. समोर बसलं की मूळ भाग पिशवीतून परत मिळतात, आणि ‘किट टाकून देऊ का’ या प्रश्नाला वेळेत नाही म्हणता येतं.

आणताना सेल काढून ठेवा, एरियल आत ढकला, कॅसेटच्या दाराला कागदी चिकटपट्टी लावा. मी एक सोलापुरी चादर घेतली आणि सेट तिच्यात गुंडाळून पायांशी ठेवला. वरच्या फळीवर नको, ब्रेकला घसरतो. घरी आल्यावर उजव्या चॅनेलचा आवाज किंचित कमी वाटला. हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू पाव फेरा फिरवून वरचे स्वर थोडे उघडले, पण फरक राहिलाच. हेड थोडं झिजलेलं आहे. त्याच मापाचं स्टिरिओ हेड मिळेपर्यंत बॅलन्सचं बटण जरा उजवीकडे.