आप्पांच्या पोटावरची गाठ

आप्पांची शुगर गेलं वर्षभर आमच्याशी लपंडाव खेळत होती. जेवण तेच, चालणं तेच, इन्शुलिनही तेवढंच. पण एका सकाळी 280, तर दुसऱ्या सकाळी 64. माझा संशय त्यांच्यावरच. चोरून बेदाणे खातात, असा ठाम आरोप होता. (तासगावात राहून बेदाणा शिवत नाही म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?)

शेवटी सांगलीतल्या नव्या डॉक्टरांनी साधी गोष्ट केली. सदरा वर करायला लावला आणि पोटावरून बोटं फिरवली. बेंबीच्या डावीकडे लिंबाएवढा मऊ फुगवटा हाताला लागला. तोवर सगळ्यांनी कागद पाहिले होते, पोटाला हात कुणी लावला नव्हता. मीही नाही, आणि मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते.

"रोज इथंच टोचता?"

"तिथं दुखत न्हाई ओ डॉक्टर."

सहा वर्षं, दिवसातून दोनदा, तीच जागा. सुईसुद्धा पंधरवड्यानं बदलायचे. ही गाठ म्हणजे फुगलेली चरबी. तिथं संवेदना कमी होते, म्हणून माणूस पुन्हा तिथंच टोचतो आणि गाठ आणखी वाढते. वर तिच्यातून इन्शुलिन रक्तात कधी सावकाश उतरतं, कधी एकदम. बेदाण्यांवरचा आरोप मी त्याच दिवशी मागे घेतला.

परतताना गाडीत आप्पांनी विचारलं, "औषधानं चरबी कशी वाढंल गं?"

आपण इन्शुलिनला साखर उतरवणारं औषध म्हणून ओळखतो. चरबीच्या पेशीला मात्र तो साठवणीचा हुकूम असतो. ग्लुकोज आत घे, त्याची चरबी कर, आणि आहे ती बाहेर सोडू नको. 1922च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन दिलं, तेव्हा तो नुसता हाडांचा सापळा होता. हा हुकूमच नसला की शरीर स्वतःची चरबी जाळत सुटतं. आप्पांच्या पोटात उलटं झालं. एकाच चार बोटं जागेला दिवसातून दोनदा तोच हुकूम, तोही थेट सुईतून. तिथल्या पेशी फुगणार नाहीत तर काय?

आप्पा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे घड जीएत बुडवल्यागत."

मी गाडीचा वेग कमी केला. वर्गात मला इतकं नेमकं कधी सुचलं नव्हतं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचे घड जिबरेलिक ॲसिडमध्ये, म्हणजे जीएत, बुडवतात, मणी फुगतात; बुडवलेला घड आणि राहून गेलेला घड शेजारी धरले तर डोळ्यांनी फरक दिसतो. आमच्याकडे त्याला संजीवक म्हणतात. आता ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचे निरोप देणारी प्रथिनं, शिकवताना मी हाच शब्द वापरणार, पाठ्यपुस्तकाला राग आला तरी.

"पर नुसत्या जीएवर बाग येती व्हय?"

नाही येत. कोवळ्या पेशीनं चरबीची पेशी व्हायचं की नाही, हे बरेच निरोप मिळून ठरवतात. बीएमपी-4 नावाचं असंच एक प्रथिन तिला साठवणीच्या पांढऱ्या चरबीकडे वळवतं. बीएमपी-7 तपकिरी चरबीकडे. ही चरबी साठा करण्याऐवजी जाळून ऊब देते. टीजीएफ-बीटा वाटच अडवतं. यकृतातून सुटणारं एफजीएफ-21 उंदरांमध्ये ऊर्जेचा खर्च वाढवतं. हे सगळं मी विट्याच्या फाट्यापर्यंत सांगत होते. आप्पा बीएमपीलाच झोपी गेले होते.

नवी जागा चांगली शोषते, म्हणून डॉक्टरांनी डोस आधीच उतरवला होता. तरी पहिल्या आठवड्यात एका रात्री शुगर 58 झाली आणि मी गुळाचा खडा घेऊन धावले.

आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे आप्पांनी पेन्सिलीनं पोटाचे चार भाग काढलेत. त्यांना ते प्लॉट म्हणतात, एक ते चार. आठवड्याला एक प्लॉट, सुई रोज नवी. गाठीचा प्लॉट तीन नंबरचा, तो पडीक ठेवलाय. चार महिने झाले. परवा त्यांनी माझा हात धरून तिथं लावला.

"बसाय लागलीय बघ. पर अजून औंदा तिथं छाटणी न्हाई."