तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडं बरोबरी कधीच आली असंल की?

मी पोलंडमधल्या गदान्स्कला राहते. सुट्टीत कोल्हापूरला गेले की हा प्रश्न ठरलेला. पोलंड आपल्याकडे अगदीच परकं नाही. 1943 ते 48 कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीत पाचेक हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यामुळे मावशी हक्काने विचारते, "कम्युनिस्टांचं राज्य होतं न्हवं तिकडं? मग बायकांना बरोबरी कधीच मिळाली असंल की!"

मिळाली होती, कामात. माझ्या शेजारच्या आजी टायपिस्ट होत्या. 8 मार्चला साहेब प्रत्येकीला एक कार्नेशनचं फूल द्यायचा आणि पायमोज्यांचा एक जोड. मोज्यांसाठी रजिस्टरात सही करायला लागायची. संध्याकाळी मांसाच्या दुकानासमोरची रांग मात्र आजींचीच.

आमच्या गदान्स्कच्या जहाज कारखान्याचा संप जगाला माहीत आहे आणि त्याचे नेते लेक वालेसाही. पण तो पेटला एका बाईवरून. क्रेन चालवणाऱ्या आन्ना वालेंतिनोविच यांना पेन्शन पाच महिन्यांवर आली असताना, ऑगस्ट 1980 मध्ये, कामावरून काढलं होतं. 16 तारखेला मालकपक्ष नमला, वालेसांनी संप संपल्याचं जाहीर केलं आणि माणसं घरी निघाली. तेव्हा वालेंतिनोविच, नर्स अलिना पिएन्कोव्स्का आणि ट्रामचालक हेन्रिका क्शिव्होनोस यांनी फाटकं गाठली. बाकीच्या छोट्या कारखान्यांना वाऱ्यावर सोडता का, म्हणून लोकांना अडवलं. माणसं फाटकांवरून मागे वळली, संप चालू राहिला आणि पुढचा सगळा इतिहास तिथून घडला. मागण्यांच्या यादीत पाळणाघरं होती, तीन वर्षांची पगारी बाळंतरजाही होती.

आणि 1989 ला कम्युनिस्ट सरकार आणि विरोधकांची सत्तेची बोलणी झाली तेव्हा मुख्य गोलमेजाभोवती पन्नासहून जास्त माणसं, त्यात बायका दोन. एवढं कळलं तरी मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

पंतप्रधान बायका तीन झाल्या. पहिल्या हान्ना सुहोत्स्का, 1992 मध्ये. पण 1956 पासून मोकळा असलेला गर्भपात कायद्याने जवळजवळ बंद झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत, 1993 ला. खुर्चीवर बाई बसली की बायकांचं भलं होतं, हा माझा समज तिथेच गळून पडला.

2011 पासून तिथे कोटा आहे, तोही आपल्यासारखा नाही. आपल्याकडे पंचायतीत जागाच राखीव, मग भले सरपंचपती मिरवोत. पोलंडमध्ये पक्षाच्या यादीत 35 टक्के नावं बायकांची लागतात, एवढंच. निवडून कोण येणार हे बरंचसं यादीतल्या नंबरावर ठरतं, आणि नंबर देणारा पक्ष. म्हणून सेइममध्ये, म्हणजे त्यांच्या लोकसभेत, 2023 ला निवडून आलेल्या बायका तीस टक्क्यांच्या आतच. (आपल्या लोकसभेचा आकडा मावशीला सांगितला नाही. चहा निवला असता.)

मतपत्रिका केवढी, तर घडी घालायला दोन हात लागतात. आजी ती टेबलावर पसरतात, चष्मा चढवतात आणि प्रत्येक यादी मधल्या नावांपासूनच वाचायला घेतात. "बायका तिथंच कोंबलेल्या असतात," म्हणतात.