मूळ गोष्ट म्हणजे कुठली?

जुन्या परीकथा बदलून का लिहायच्या, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. जुन्या परीकथा उलटवून लिहिलेली पुस्तकं मी ओळखीच्यांना आवर्जून वाचायला देते. पुस्तक परत करताना बरेच जण एकच विचारतात, "मूळ गोष्ट इतकी छान आहे, तिची मोडतोड कशाला?" विचारणाऱ्यांचा त्या गोष्टींवर जीव असतो. माझाही आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते.

आधी मूळ म्हणजे कुठली ते बघू. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट घ्या. लांडगा आजीला गिळतो, मग नातीला गिळतो, शिकारी येऊन त्याचं पोट फाडतो आणि दोघी जिवंत बाहेर येतात. ही जर्मनीतल्या ग्रिम बंधूंची गोष्ट, १८१२ साली छापलेली. कासेल गावातल्या हासेनफ्लुग घराण्यातल्या बहिणींनी ती त्यांना सांगितली. या बहिणींच्या आईचे पूर्वज फ्रान्समधून आलेले होते, आणि फ्रान्समध्ये शार्ल पेरोने ही गोष्ट १६९७ मध्येच छापली होती. पेरोकडे शिकारी नाही. लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. खाली पद्यात तात्पर्य दिलंय: गोड बोलून मुलींच्या मागे मागे घरापर्यंत जाणारे लांडगे सर्वांत घातक. वाटेवरून ढळू नकोस अशी आईची ताकीदही पेरोकडे नाही, ती ग्रिमांकडे येते. एका पिढीने मुलीला पुरुषांपासून जपायला सांगितलं, दुसरीने आईचं ऐकायला.

याशिवाय एक तिसरी गोष्ट आहे, आणि माझा जीव तिच्यावर आहे. फ्रान्सच्या निएव्र भागात १८८५च्या सुमारास ती ऐकून उतरवून घेतली गेली. नोंद उशिराची असली, तरी पेरोच्या आधीपासून ती खेड्यापाड्यांत सांगितली जात असावी असं अनेक अभ्यासक मानतात. हिच्यात लाल टोपी नाही. लांडग्याचं रूप घेणारा एक माणूस मुलीला विचारतो, कुठल्या वाटेने जातेस, सुयांच्या की टाचण्यांच्या? तो आधी पोचून आजीला मारतो आणि आजीचं मांस आणि रक्त नातीलाच खायला-प्यायला लावतो. मग एकेक कपडा काढून आगीत टाक म्हणतो. ती अंथरुणात शिरते आणि तिला खरं काय ते कळतं. त्या क्षणी ती म्हणते, मला बाहेर जायचंय, लागलीय. तो तिच्या पायाला लोकरीचा दोर बांधून तिला सोडतो. अंगणात ती दोर सोडून आलुबुखाऱ्याच्या झाडाला बांधते आणि घरी पळते. तो मागे धावतो, पण ती तोवर दारातून आत गेलेली असते. कोणी सोडवायला येत नाही, आणि तशी गरजही पडत नाही.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, लठ्ठ होऊन येते, मग मला खा, असं सांगून वाघाला थोपवणारी आणि येताना भोपळ्यात बसून निसटणारी म्हातारी आपण लहानपणीच ऐकलेली असते. तिलाही शिकारी लागला नाही.

म्हणजे मोडतोड आधीच झालेली आहे, आणि ती सभ्य माणसांनी, नीटनेटक्या अक्षरात केली. ग्रिमांच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ मध्ये तिची सावत्र आई झाली. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायला लावणारी आईसुद्धा १८४० मध्ये सावत्र झाली. बुरुजातली रापुन्झेल आधी भाबडेपणाने विचारते, माझे कपडे मला घट्ट का व्हायला लागलेत? आपल्याला दिवस गेलेत हे तिला कळलेलं नसतं. पुढच्या आवृत्त्यांतून हे वाक्य गेलं. सातवी आणि शेवटची आवृत्ती १८५७ची, आपल्यापर्यंत मुख्यतः तीच पोचली. सख्ख्या आईचा दुष्टपणा छापायला लाज वाटली, आणि त्याचं ओझं पुढच्या सगळ्या सावत्र आयांनी वाहिलं.

आता नव्या लेखकांकडे येते. अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेने १९७७ मध्ये पेरोच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या, आणि दोन वर्षांनी 'द ब्लडी चेंबर' हा स्वतःचा कथासंग्रह काढला. त्यातल्या 'द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज' या कथेत लांडगा धमकावतो तेव्हा मुलगी हसते. आपण कुणाचं खाद्य नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. स्वतःचे कपडे आगीत टाकून झाल्यावर ती त्याचा सदराही ओढून त्याच आगीत टाकते. निएव्रच्या गोष्टीतली ती आग पेरोने आणि ग्रिमांनी विझवली होती, कार्टरने ती पुन्हा पेटवली. याच पुस्तकात, आधीच्या बायकांना मारून टाकणाऱ्या नीलदाढ्याच्या नव्या बायकोला वाचवायला पेरोच्या गोष्टीतल्यासारखे तिचे भाऊ येत नाहीत. तिची आई घोडा फेकत येते आणि गोळी घालते.

सगळी उलटवलेली पुस्तकं मला आवडतात असं नाही. अमेरिकेतल्या जेम्स थर्बर या विनोदी लेखकाने १९३९ मध्ये लाल टोपीवालीच्या टोपलीत पिस्तूल ठेवलं. मुलांसाठी लिहिणाऱ्या रोआल्ड डालने १९८२ मध्ये पुन्हा पिस्तूल दिलं आणि वर लांडग्याच्या कातड्याचा कोट घालून तिला मिरवलं. मुलं खदखदून हसतात, मीही हसते. पण पिस्तूल निघालं की भीती संपते, आणि भीतीसाठीच तर ही गोष्ट आगीभोवती बसून सांगितली गेली असेल. राजपुत्राची तलवार राजकन्येच्या हातात देऊन थांबणाऱ्या गोष्टींबद्दलही माझी हीच तक्रार आहे. जंगल तसंच घनदाट राहिलं पाहिजे.

लहान मुलांना मी ग्रिमांची गोष्ट सांगते, मात्र तिला जोडलेला दुसरा शेवट गाळत नाही. त्यात आणखी एक लांडगा येतो आणि आजी-नात मिळून त्याला सॉसेज उकडलेल्या पाण्याच्या वासाने भुलवून डोणीत बुडवतात. निएव्रची गोष्ट थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवते, कार्टर मोठ्यांसाठी.

तुम्ही एकच वाचणार असाल, तर कार्टरची 'द वेअरवुल्फ' वाचा, अगदी छोटी आहे. मुलगी लांडग्याचा पंजा सुरीने छाटते आणि फडक्यात गुंडाळून आजीकडे नेते. तिथे फडक्यातून निघतो तो आजीचा हात. शेजारी जमतात, आजीला दगडांनी मारतात, आणि मुलगी आजीच्या घरात सुखाने राहू लागते. माझ्याकडून नेऊन वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती शूर वाटते. मला तिचा भरवसा वाटत नाही, कारण तो हात आधी लांडग्याचा पंजा होता याला तिच्याशिवाय कुणीच साक्षीदार नाही. तुम्हाला काय वाटतं ते वाचून मला कळवा.