आमची वाटचाल : बूस्ट वाढवण्याआधीची कामे

भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गालगत वडिलांनी आमचे गॅरेज सुरू केले, तेव्हा दारात उभ्या राहणाऱ्या बहुतेक गाड्या म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी असत. त्यांचे कार्ब्युरेटर आणि पॉइंट बाबा कानाने लावत. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा पंखा, असलेले पेट्रोल इंजिन आमच्याकडे आले ते पुष्कळ उशिरा. स्कोडाने २००४ साली ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली, आणि वॉरंटी संपून त्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती गेल्यावर त्यांतल्या काही आमच्या दारात येऊ लागल्या. १.८ लिटरचे आणि १५० अश्वशक्तीचे ते इंजिन समजून घेताना मी जे शिकलो, त्यावरच आमची फर्म आज उभी आहे. पुढे फियाट लिनिया टी-जेट आणि लॉरा आरएसही आल्या.

या गाड्यांचे मालक येतात ते बहुधा एकच मागणी घेऊन : बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढवून द्या, पिकअप वाढला पाहिजे. या मागणीला लगेच होकार द्यायचा नाही, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला आणि त्यापायी काही गिऱ्हाईके गमावलीही. जुन्या इंजिनात बूस्ट हे वाढवण्याच्या गोष्टींपैकी शेवटचे आहे, असे माझे ठाम मत आहे. आधी कंपनीने दिलेला मूळ बूस्ट तरी इंजिनापर्यंत नीट पोहोचतो का, हे पाहावे लागते, आणि वीस वर्षांच्या गाडीत तो सहसा पोहोचत नाही.

कारण अगदी साधे असते. इंजिनाच्या मागच्या बाजूला असलेल्या रबरी व्हॅक्यूम नळ्या उष्णतेने कडक होतात. वळणापाशी बोटांनी दाबल्या की काळी पूड हाताला लागते आणि आतली चीर उघडी पडते. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेने क्लिपा गंजतात आणि इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारा होज दाबाखाली हळूच सरकतो. अशी गळती असली की सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटते, मिश्रणात पेट्रोल जास्त पडते, आणि ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा तो दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो; गळकी गाडी तशीच ठेवून बूस्ट वाढवणे म्हणजे त्या दांड्याचे आयुष्य जाणूनबुजून कमी करणे होय. म्हणून स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणे), कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणे), ऑइल पॅन उतरवून ऑइल शोषणाऱ्या नळीच्या जाळीची सफाई, टायमिंग बेल्ट आणि कॉइल ही कामे झाल्याशिवाय आम्ही बूस्ट बदलण्यासाठी गाडीला लॅपटॉप जोडत नाही. पुष्कळ मालक एवढे झाल्यावरच समाधानाने गाडी घेऊन जातात, कारण हरवलेला पिकअप परत आलेला असतो.

ज्यांना त्यापुढे जायचे असते त्यांच्याशी मी आधी उष्णतेबद्दल बोलतो. हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असताना ०.६ बार बूस्टला टर्बोतून निघणारी हवा साधारण १०० अंशांपर्यंत जाते, तर १ बारला ती १३० अंशांच्या आसपास पोहोचते, आणि ऑक्टाव्हियातला छोटा के-०३ टर्बो त्याच्या क्षमतेच्या टोकाला चालत असेल तर त्याहूनही वर. ऑक्टाव्हियाचा मूळ इंटरकूलर लहान आहे आणि बंपरच्या कोपऱ्यात बसवलेला आहे. घाटकोपरच्या कोंडीत अर्धा तास काढल्यावर तो स्वतःच तापलेला असतो. तापलेल्या हवेमुळे सिलिंडरमधले मिश्रण आपोआप भडकते आणि नॉकिंग, म्हणजे इंजिनातली घातक ठोकठोक, सुरू होते. दुसरीकडे बूस्ट वाढवून घेतलेली एक गाडी आमच्याकडे आली होती, तिचा प्लग काढून भिंगाखाली धरला तर पांढऱ्या पोर्सेलीनवर ॲल्युमिनियमचे चकाकणारे बारीक कण चिकटलेले होते. तो पिस्टनचाच भाग होता. त्या गाडीत वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या नळीत पितळी तोटी बसवून बूस्ट वाढवला होता, त्यामुळे दाब वाढला तरी त्याला साजेसे इग्निशन टायमिंग आणि पेट्रोल ठरवणे ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, हाती उरले नव्हते. अशी तोटी आम्ही कोणत्याही गाडीला लावत नाही.

आमची पद्धत संथ आहे. मोठा इंटरकूलर समोर बसवायचा, प्लग एका पायरीने थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्यायचे, मिश्रण मोजणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर जोडायचा आणि मग डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ०.१ बारच्या टप्प्याने वर जायचे. पूर्ण भाराखाली मिश्रणातले हवा-पेट्रोलचे प्रमाण ११.५ ते १२.५ च्या दरम्यान राहिले पाहिजे, एक्झॉस्टचे तापमान ९५० अंशांच्या आत हवे, आणि नॉक सेन्सर टायमिंग मागे खेचू लागला की त्याच टप्प्यावर थांबून एक पाऊल मागे यायचे. मधल्या फेऱ्यांत ०.९ बार देऊन वर ६००० फेऱ्यांपर्यंत तो ०.६ वर उतरवलेला मॅप (ईसीयूमधला आकड्यांचा तक्ता) मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण छोट्या टर्बोकडून वरच्या फेऱ्यांत जादा दाब मागितला तर हाती लागते ती प्रामुख्याने उष्णताच.

पेट्रोलचा विचार अलीकडे वेगळा करावा लागतो. साध्या पेट्रोलचे ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याची क्षमता, पूर्वी ९१ असे; वाढीव बूस्टच्या गाडीला आम्ही किमान ९५ सक्तीचे करतो. २० टक्के इथेनॉलचे मिश्रण आल्यापासून हवा-इंधनाचे आदर्श प्रमाण निव्वळ पेट्रोलच्या १४.७ वरून साधारण १३.५ वर आले. म्हणजे तेवढ्याच हवेला साधारण नऊ टक्के जास्त इंधन लागते, आणि जुना पंप व इंजेक्टर मर्यादेजवळ असतील तर ऐन जोराच्या क्षणी मिश्रण सुके पडते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते. त्या काळच्या रबरी इंधननळ्याही म्हणून आम्ही बदलूनच घेतो. क्लच आणि ब्रेक यांचे काम ओघाने येतेच.

कायद्याची बाजू आम्ही काम घेण्याआधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीचे आम्ही आरोग्य सुधारतो, आणि वाढीव बूस्टचे काम फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्यांसाठी घेतो. अशी गाडी ट्रकवर चढवूनच आमच्या दारातून निघते.

गाडी सोपवल्यावर पहिल्या ट्रॅक दिवसानंतर ती परत मागवून लॉग (ईसीयूच्या नोंदी) तपासला जातो, ऑइल बदलले जाते आणि प्लग पुन्हा भिंगाखाली पाहिले जातात. नॉकचे आकडे वाढलेले दिसले तर बूस्ट खाली आणला जातो, आणि त्या कामाचे पैसे आम्ही घेत नाही.