थायरॉइड, अ‍ॅड्रिनल आणि घरचे उपाय

सांगलीत थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईला सल्ल्यांचा तुटवडा कधी पडत नाही. आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गटातच कोणी धण्याचे पाणी सुचवते, कोणी अश्वगंधा, तर कोणी उपाशीपोटी हळद. आणि हळदीच्या पेठेच्या गावात हळदीला नाही म्हणणे तसे अवघडच. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षे स्वतः थायरॉक्सिन घेते, त्यामुळे "यावर नैसर्गिक काही नाही का हो?" हा प्रश्न माझ्याकडे शिक्षिका म्हणूनही येतो आणि रुग्ण म्हणूनही. अलीकडे त्याला मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे शेपूट जोडले गेले आहे. रिपोर्ट नॉर्मल येऊनही थकवा जात नसेल तर तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्या आहेत, असे सांगून चूर्णे विकली जातात. माझे मत आधीच सांगून टाकते. उपाय झाडापासून आला की कारखान्यातून, याने मला फारसा फरक पडत नाही. शरीरात नेमके काय कमी पडले आहे, ते कोणी मोजले आहे का आणि हा उपाय ती उणीव भरून काढतो का, एवढेच मी विचारते.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनलिकेला बिलगून बसलेली छोटी ग्रंथी आयोडीन वापरून थायरॉक्सिन हे हार्मोन तयार करते आणि तिने किती काम करायचे हे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हे आपले हार्मोन सोडून ठरवते. थायरॉक्सिन कमी पडले की टीएसएच वाढतो. जिथे आहारातून आयोडीन पुरेसे मिळते तिथे ही ग्रंथी मंदावण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली वर्णन केलेला विकार, आणि मलाही तोच आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते व तिच्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. गेलेल्या पेशी परत आणणारे चूर्ण, काढा किंवा आसन अद्याप कोणाला सापडलेले नाही, म्हणून जे कमी पडते ते बाहेरून द्यावे लागते. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका स्त्रीला टोचला आणि त्या उपचारावर ती पुढे २८ वर्षे जगली. निसर्गातून आलेला उपाय म्हणायचा तर खरा तोच. अडचण एवढीच की कोणत्या मेंढीच्या ग्रंथीत हार्मोन किती, याचा भरवसा नाही. आजची गोळी प्रयोगशाळेत बनते, तिचा रेणू मात्र आपल्या ग्रंथीतल्या थायरॉक्सिनशी हुबेहूब जुळतो आणि मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजलेली असते.

मग काढ्याने थायरॉइड बरा झाल्याच्या इतक्या कहाण्या ऐकू येतात त्या कुठून? त्या सगळ्या खोट्या नसतात, आणि हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टीएसएच हा स्थिर आकडा नाही. तो रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो, एखाद्या आजारातून उठताना तात्पुरता वाढतो. त्याची वरची मर्यादा साधारण ४ ते ४.५ धरली जाते. टी-फोर (म्हणजे थायरॉक्सिन) नॉर्मल आणि टीएसएच त्या मर्यादेच्या थोडा वर, पण १० च्या आत, अशी स्थिती असलेल्या अनेकांचा आकडा काहीही न करता दोन-तीन महिन्यांत आपोआप खाली येतो. म्हणूनच गरोदरपणासारखी परिस्थिती नसेल तर चांगला डॉक्टर लगेच गोळी लिहून देत नाही, पुन्हा तपासायला सांगतो. त्या मधल्या काळात ज्या बाईने धण्याचे पाणी घेतले, ती प्रामाणिकपणे धण्याचे गुण गाते. तिचे पाहून ज्या बाईची ग्रंथी खरोखर संपत आली आहे ती गोळी सोडते, आणि गंमत अशी की पहिले काही दिवस तिला काहीच जाणवत नाही, कारण थायरॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्या आठवड्याभरात तिचीही काढ्यावर श्रद्धा बसते. पुढे थंडी सोसेनाशी होणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, पाय जड होणे हे सगळे सावकाश परत येते आणि त्याचा दोष हवेला किंवा वयाला जातो.

आता स्वयंपाकघराकडे येते, कारण तिथे खरोखर करण्यासारखे बरेच आहे. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर स्त्रीला २५०. भारतात १९६२ साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोचले. नियमानुसार दुकानात ग्राहकाच्या हाती पडताना त्यात दर दहा लाख भागांमागे किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. या एका साध्या गोष्टीने जे साधले ते कोणत्याही कॅप्सूलला साधणार नाही. परंतु माझ्या ओळखीच्या काही घरांत आता उपवासाचे सैंधव वर्षभर चालते, कारण ते शुद्ध आणि नैसर्गिक. सैंधवात आयोडीन मुद्दाम मिसळलेले नसेल तर ते नगण्यच असते. चतुर्थी-एकादशीला खुशाल सैंधव वापरावे. रोजच्या आमटीत मात्र आयोडीनचे मीठ, तेही घट्ट झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून दूर आणि शक्यतो शिजवण्याच्या शेवटी घालावे, कारण उष्णता आणि दमटपणा यांनी आयोडीन उडून जाते. याच्या उलट टोकाला समुद्री शेवाळाच्या आयोडीन गोळ्या आहेत. हाशिमोटो असलेल्या ग्रंथीवर जादा आयोडीनचा मारा केला तर ती आणखी मंदावू शकते, तेव्हा त्या वाटेला न गेलेले बरे.

कोबी, फ्लॉवर आणि बाजरी यांची भीतीही फार पसरली आहे. कच्च्या कोबीतले ग्रंथीला अडथळा करणारे घटक शिजवल्यावर पुष्कळ कमी होतात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा कोबीची भाजी खाल्ल्याने कोणाचे काही बिघडत नाही. बाजरीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्यातले घटक भाजल्याने जात नाहीत, आणि सुदानमध्ये जिथे बाजरी हेच मुख्य अन्न होते व आयोडीन कमी होते तिथे तिचा गलगंडाशी संबंध अभ्यासला गेला आहे. आपल्याकडे जत-आटपाडीच्या बाजूलाही हिवाळ्यापुरती बाजरी, एरवी शाळूची भाकरी, आणि मिठात आयोडीन, अशी स्थिती असताना भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी नाकारण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही. ज्यांच्याकडे बारा महिने दोन्ही वेळा बाजरीच असते त्यांनी ज्वारीशी आलटून पालटून खावी, इतके पुरे.

ज्याकडे दुर्लक्ष होते ते लोह. थायरॉक्सिन बनवणाऱ्या मुख्य विकराला (एन्झाइमला) काम करण्यासाठी लोह लागते, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये लोहाची कमतरता घरोघरी आहे. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय ते आणखी कमी करते. शाकाहारी घरांत ब-१२ चीही तीच कथा.

माझ्या धाकट्या जाऊबाईने मागच्या गणपतीत एक डबी आणून माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "ताई, तुमच्या गोळीऐवजी ही कॅप्सूल चालेल का हो? यात सगळं झाडपाल्याचंच आहे." डबीवर अश्वगंधा, गुग्गुळ आणि कांचनार अशी नावे होती. कांचनार म्हणजे आपला कांचन, ज्याची पाने दसऱ्याला आपट्याची म्हणून सर्रास खपवली जातात. परंपरेने कांचनार गुग्गुळ गलगंड आणि गंडमाळेसाठी (मानेतल्या गाठींसाठी) दिला जातो आणि गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेतही आहे. पण गळ्याची गाठ आणि हार्मोनची कमतरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेशीच उरल्या नसतील तर गाठीवरचे औषध तिथे काय करणार? अश्वगंधेचे प्रकरण अधिक गंभीरपणे घ्यायला हवे, कारण तिचा परिणाम होतो. थायरॉइड किंचित मंदावलेल्या ५० जणांवर भारतात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क घेतल्यावर आकडे सुधारलेले दिसले. अभ्यास छोटा आणि थोड्या काळाचा आहे, तरी तो नाकारण्याचे कारण नाही. पण जी वस्तू हार्मोन वाढवू शकते ती जास्तही वाढवू शकते. अश्वगंधा घेतल्यावर थायरॉइडचे हार्मोन अति वाढून छाती धडधडल्याच्या आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. गोळी चालू असताना वर अश्वगंधा घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून आणि रक्त तपासत घ्यावी. जाऊबाईला मी डबी परत करायला सांगितली आणि आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे म्हटले.

अ‍ॅड्रिनल ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या असतात आणि कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन व अ‍ॅड्रिनलिन ही हार्मोने तयार करतात. कॉर्टिसॉल सकाळी उठण्याच्या सुमारास सर्वाधिक आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते. ताणतणावाने या ग्रंथी दमतात आणि कॉर्टिसॉल थोडे कमी पडते, ही कल्पना अमेरिकेतल्या जेम्स विल्सन यांनी १९९८ साली मांडली; २०१६ साली ब्राझीलमधल्या दोन संशोधकांनी ५८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांना तिला आधार सापडला नाही. थकवा खरा असतो, त्याचे हे निदान मात्र खरे नव्हे. खरा आजार वेगळा आहे, त्यात या ग्रंथीच निकामी होतात. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली त्याचे वर्णन केले आणि आपल्याकडे क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आजही आहे. वजन घटणे, रक्तदाब उतरणे, उलट्या, मिठाची विलक्षण ओढ आणि तळहाताच्या रेषा व हिरड्या काळवंडणे ही त्याची लक्षणे, आणि त्यावर चूर्ण घेत बसणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. अशा रुग्णाचा टीएसएचही वाढलेला असू शकतो. तेवढे पाहून आधी थायरॉक्सिन सुरू केले तर उरलेसुरले कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्च होऊन प्रकृती एकदम कोसळते. म्हणूनच दोन्ही कमी असतील तर आधी स्टेरॉइड (कॉर्टिसॉलची उणीव भरणारे औषध) आणि मग थायरॉक्सिन, हा क्रम डॉक्टर पाळतात.

नैसर्गिक म्हणून घेतलेल्या औषधाने अ‍ॅड्रिनल कशा बसतात, हे मी आमच्या शेजारच्या काकूंच्या बाबतीत पाहिले. तासगावकडच्या त्यांच्या माहेरी गुडघेदुखीवर जडीबुटीच्या पुड्या देणारा माणूस यायचा. कागदात बांधलेले फिकट तपकिरी चूर्ण, दिवसाला एक पुडी. "एक पुडी घेतली की तासाभरात जिना चढते बघ," असे त्या मला कौतुकाने सांगायच्या. तासाभरात गुडघा मोकळा करणारी मुळी मला तरी माहीत नाही. अशा चूर्णांत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन यांसारखे स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे भारतात पुष्कळ आहेत. काही महिन्यांत काकूंचा चेहरा गोल झाला, साखर वाढली, दंडावर हात लागला तरी काळेनिळे डाग उठू लागले. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की पिट्युटरी आपला आदेश पाठवणे बंद करते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसतात. पुड्यावाला यायचा थांबला आणि पुड्या एकदम बंद झाल्या, तशा काकू अंथरुणाला खिळल्या. उलट्या, चक्कर, रक्तदाब हाताला लागेना. मुलाने मिरजेला नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न कोणते चूर्ण चालू होते हाच विचारला, सकाळचे कॉर्टिसॉल तपासले आणि सलाइन व हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडवर त्यांना सावरले. नंतर स्टेरॉइडची गोळी महिनोन्महिने थोडीथोडी करत कमी करावी लागली. ज्यांच्या घरात अशा पुड्या चालू आहेत त्यांनी माझे वाचून त्या उद्यापासून बंद करू नयेत. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

झोप, चालणे आणि योगासने यांबद्दल थोडक्यात. सर्वांगासनाने गळ्यावर दाब येऊन ग्रंथी जागी होते असे सांगतात, पण ती टीएसएचचे ऐकते, दाबाचे नाही. रोजचे चालणे आणि ठरलेल्या वेळी झोप यांनी थकवा, वजन आणि मनःस्थिती यांत जो फरक पडतो तो मला स्वतःला जाणवतो, आणि तेवढ्यासाठी मी आमराई सोडणार नाही.

राहता राहिली गोळी घेण्याची रीत, कारण कित्येकींची गोळी पुरत नाही याचे कारण ग्रंथीत नसून सकाळच्या घाईत असते. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा, दूध, नाश्ता यांच्याआधी अर्धा ते एक तास जाऊ द्यावा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. बाटली उन्हाच्या खिडकीत किंवा गॅसजवळच्या फळीवर ठेवू नये. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा कुठे जातो ते सर्वांना ठाऊक आहे. मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच तपासावा, त्याआधीचा आकडा दिशाभूल करतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या तपासणीच्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात, कारण काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो.

जाऊबाईचे फेरिटिन फारच खाली निघाले. टीएसएच किंचितच वर होता, म्हणून डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी दिली नाही, लोह सुरू केले, जेवणानंतरचा चहा बंद केला आणि तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करायला सांगितल्या.