गन दोन, अकरा किलोवॅट

चार्जिंग मशीनच्या पडद्यावर गन दोनचे, म्हणजे गाडीत लावायच्या दुसऱ्या प्लगचे, आकडे दिसत होते: ८९ टक्के, ११ किलोवॅट. मशीन साठ किलोवॅटचं. शेजारच्या गाडीचा मालक आसन मागे टेकवून झोपलेला. हे प्रवासवर्णन मुख्यतः त्या अकरा किलोवॅटबद्दल आहे. बाकीचे तीन दिवस छान गेले, डोंगर हिरवे होते, एवढं पुरे.

जाऊन-येऊन ७८० किलोमीटर. गाड्या दोन. एक पूर्ण विजेवरची, वापरता येईल अशी ५० युनिटची (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) बॅटरी असलेली. दुसरी हायब्रिड, म्हणजे बाहेरून प्लग न लागणारी, पेट्रोल टाकायचं आणि विसरायचं. एकच रस्ता, जवळपास एकच वेग, दोन्हीत माणसं आणि सामान सारखं. तुलनेला यापेक्षा बरी सोय मिळत नाही.

पहिले १२० किलोमीटर सपाटीवर ताशी ९० च्या आसपास. दर १०० किलोमीटरला १६ युनिट, म्हणजे बॅटरी १०० वरून ६२ वर. कंपनीच्या कागदावरची रेंज इथेच विसरायची. युरोपात वापरली जाणारी डब्ल्यूएलटीपी चाचणी घेतली तरी तिचा सरासरी वेग ताशी साडेसेहेचाळीस किलोमीटर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चा वेग १०० केला की तो दीडपटीहून जास्त होतो. पेट्रोल गाडीतही हेच घडतं, पण तिथे इंजिन आधीच इतकी ऊर्जा उष्णतेत घालवत असतं की त्यात हा फरक लपतो. विजेच्या गाडीत बॅटरीतली बहुतेक वीज चाकापर्यंत पोचते, म्हणून उजव्या पायाचा प्रत्येक हट्ट टक्क्यांत दिसतो.

मग घाट. वीस किलोमीटरमध्ये ९०० मीटर चढ. माणसांसकट १९०० किलोची गाडी तेवढी उंच न्यायला साधारण ४.७ युनिट लागतात, हे शाळेतल्या गणितानेच निघतं. मोटरमधली गळती धरली तर पाचच्या थोडं वर, त्यात रस्त्याचं नेहमीचं अडीच मिळवायचं. बॅटरी ६२ वरून ४६ वर आली. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण पडद्यावरचा 'उरलेले किलोमीटर'चा आकडा या वीस किलोमीटरमध्ये झपाट्याने घसरतो, कारण तो नुकत्याच झालेल्या वापरावर पुढचा अंदाज बांधतो. चढावर तो आकडा बघू नये. टक्के बघावेत, पुढच्या चार्जरपर्यंतचं अंतर बघावं आणि दर १०० किलोमीटरचा हिशेब डोक्यात ठेवावा. हायब्रिडचं घाटात काय झालं? इंजिन मोठ्याने ओरडत राहिलं. अशा बऱ्याच गाड्यांत गिअर बदलल्यासारखा आवाज येत नाही, इंजिन एका वेगावर अडकून बसतं. सवय नसलेल्या माणसाला काहीतरी बिघडलंय असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं.

पठारावर आणखी ५५ किलोमीटर गेल्यावर, २६ टक्क्यांवर, चार्जिंग स्टेशन आलं. एक मशीन, दोन गन.

डीसी चार्जिंगची, म्हणजे रस्त्यावरच्या फास्ट चार्जरची, गन जड असते. खाली लोंबणाऱ्या केबलच्या वजनाने ती सॉकेटमध्ये तिरकी बसते. जाड पिना लागतात, पण संदेशाची बारीक पिन नीट टेकत नाही आणि मशीन 'गाडीशी संपर्क नाही' म्हणत राहतं. लॉकचा आवाज येईपर्यंत गन खालून हाताने उचलून धरावी. तरीही जमलं नाही तर ॲपमधलं सत्र बंद करायचं, गन काढायची, गाडी एकदा लॉक-अनलॉक करायची, अर्धा मिनिट थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मशीन पूर्ण मेलेलं दिसलं तर आधी लाल आपत्कालीन बटण बघावं. कुणीतरी ते दाबून गेलेलं असतं, ते फिरवून बाहेर काढलं की दोन-तीन मिनिटांत मशीन उठतं. चार्जिंगनंतर गन निघेना तर गाडी अनलॉक करावी. त्यानेही सुटली नाही तर बऱ्याच गाड्यांत डिकीत किंवा बॉनेटखाली हाताने ओढायची एक दोरी असते. ती कुठे आहे हे घरीच मॅन्युअल उघडून पाहून ठेवा, रात्री रस्त्यावर नको.

आमची गन एक दुसऱ्या प्रयत्नात लागली आणि ३० किलोवॅटवर थांबली. आमची गाडी साठ घेऊ शकते. पण या मशीनची वाटणी ठरलेली: दोन्ही गन लागल्या की तीस-तीस. गन दोनवरची गाडी तिच्या तिसांतले अकराच घेत होती. उरलेले एकोणीस किलोवॅट कुणालाच मिळत नव्हते.

ती गाडी अकराच का घेत होती? लिथियमचा सेल सुरुवातीला भरपूर प्रवाह घेतो आणि त्याचा व्होल्टेज हळूहळू वर चढतो. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला टेकला की पुढे प्रवाह कमी करत न्यावा लागतो. जबरदस्तीने रेटला तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं. त्याने बॅटरीची क्षमता कायमची घटते, धोकाही वाढतो. म्हणून गाडीच ८० टक्क्यांच्या आसपास हात आखडता घेते. पन्नास युनिटच्या बॅटरीत २० ते ८० साठी जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच ८० ते १०० साठी लागू शकतो. महामार्गावर ऐंशीच्या पुढे बसून राहणं म्हणजे आपला वेळ घालवणं आणि दुसऱ्याची गन अडवणं.

इतकं म्हणून झाल्यावर कबुली द्यायला हवी की आम्हीही ८८ पर्यंत बसलो. पुढचा १९५ किलोमीटरचा पट्टा, लागणार ६८ टक्के. वाटेत नकाशावर आणखी एक चार्जर होता खरा, पण ॲपवर त्याच्या शेवटच्या यशस्वी वापराची नोंद जुनी होती. तो चालू असण्याची खात्री असती तर इथून ६० टक्क्यांवरच निघालो असतो. लोक शंभरपर्यंत बसतात ते दर वेळी अज्ञानाने नाही. पुढच्या मशीनवर विश्वास नसतो म्हणून. झोपलेल्या गृहस्थांचंही तेच असावं. शेवटची ८ टक्के घ्यायला आम्हाला अकरा मिनिटं लागली आणि तेवढ्यात मागे एक गाडी येऊन उभी राहिली होती.

एक युक्ती मात्र उपयोगी पडली. बावीस मिनिटांनी गन दोन मोकळी झाली, तरी आमचा आकडा तीसवरच होता. काही मशीन वाटणी फक्त सत्र सुरू होताना करतात. सत्र थांबवून पुन्हा सुरू केल्यावर आकडा ५२ वर गेला. एकूण मुक्काम ५७ मिनिटं, बॅटरीत ३१ युनिट. हायब्रिडने तोपर्यंत पंपावर जाऊन टाकी भरली, काच पुसून घेतली, आणि तिच्यातली मंडळी आमच्याकडे सहानुभूतीने बघत बसली.

मुक्कामी २० टक्क्यांवर पोचलो. तिथे चार्जर नव्हता, पण पार्किंगमध्ये साधा तीन पिनांचा सॉकेट होता. गाडीसोबतचा पोर्टेबल चार्जर १० अँपिअरवर लावला तर २३० व्होल्टला २.३ किलोवॅट मिळतात. बारा तासांत भिंतीतून सत्तावीस युनिट निघतात आणि बॅटरीत तेवीस-चोवीस उतरतात, बाकी गाडीतल्या (भिंतीतली वीज बॅटरीजोगी करणाऱ्या) चार्जरमध्ये आणि पंख्या-पंपात जातात. दोन रात्रींत १०० झाले. यात तीन गोष्टी बिघडतात. अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा लावून नकार देतो, आणि तो नकार मानायचा असतो, अर्थिंगला बगल देणारे जुगाडू प्लग वापरायचे नसतात. एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवली तर ती तासाभरात तापते, पूर्ण उलगडावी. सॉकेट जुना असेल तर पंधरा मिनिटांनी प्लगला हात लावून बघावा. नुसता गरम लागत असेल तर प्रवाह ८ किंवा ६ अँपिअरवर आणावा, चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवावं.

घरी कायमची सोय करताना मात्र हात आखडू नये. ३२ अँपिअरच्या, म्हणजे ७.२ किलोवॅटच्या चार्जरला मीटरपासून स्वतंत्र ओळ हवी: किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर (अंतर जास्त असेल तर १०), स्वतःचा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच) आणि डीसी गळतीही ओळखणारा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच). सर्वांत आधी वीजजोडणीचा मंजूर भार तपासावा. एसी, गिझर आणि गाडी एकदम चालली तर मुख्य स्विच पडतो. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचाच असेल तर भिंतीवर कितीही मोठा डबा लावा, गाडी ३.३ च घेणार. विक्रेता हे आपणहून सांगत नाही.

परतीचा घाट ही माझी आवडती जागा. तळाला पोचेपर्यंत बॅटरी चार टक्के वाढली आणि ब्रेकला जवळपास पाय लागला नाही. पण घाटमाथ्यावर पूर्ण चार्ज करून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज परत ठेवायला जागा नसते, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. हायब्रिडचं नेमकं तेच होतं. तिची बॅटरी एक-दीड युनिटची, त्यातलाही थोडाच भाग वापरात. पाच-सात वळणांत ती भरली आणि पुढे बी मोडवर, म्हणजे इंजिनच्या अडवणुकीने वेग आवरत, त्याचा आवाज ऐकत उतरावं लागलं. त्याच बॅटरीचा थंड हवेचा झरोका बहुधा मागच्या आसनाखाली किंवा बाजूला असतो. त्यावर पिशव्या रचलेल्या होत्या, त्या हलवल्या. जाळी धुळीने बुजली की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य कमी होतं. पाच मिनिटांची ही सफाई बऱ्याच सर्व्हिसिंगमध्ये राहून जाते.

त्याआधी, घाट यायच्या अलीकडे पठारावर, ३२ टक्क्यांवर तेच स्टेशन आलं होतं. दोन्ही गन मोकळ्या. पुढे किती लागेल ते आता माहीत होतं, म्हणून सत्तरला काढली. चोवीस मिनिटं.

आता पैशांचं. चलन आणि दर जागेप्रमाणे बदलतात, म्हणून मी सगळं पेट्रोलच्या लिटरमध्ये मोजतो. एका युनिटचा दर भागिले एका लिटरचा दर, एवढा एकच आकडा काढायचा. घरची वीज ०.१ आणि फास्ट चार्जरची ०.२५ धरली, तर या प्रवासात घर आणि मुक्कामाच्या सॉकेटवरून घेतलेली ९३ युनिट म्हणजे ९ लिटर, महामार्गावरची ५१ युनिट म्हणजे १३ लिटर. एकूण २२. हायब्रिडने लिटरला २० च्या सरासरीने ३९ लिटर खाल्लं. पण ही सगळी १४४ युनिट महामार्गावरच घेतली असती तर आमचा आकडा ३६ झाला असता, आणि तिथला दर ०.३ असता तर ४३, म्हणजे हायब्रिडपेक्षा महाग, वर तासनतास बसणं वेगळं. ज्याला रात्री गाडी लावायच्या जागी प्लग मिळत नाही, त्याने आज हायब्रिड घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लग असेल तर शहरात चित्र उलटतं. भिंतीतल्या एका युनिटला ६ किलोमीटर, साध्या पेट्रोल गाडीला लिटरला १५ आणि हायब्रिडला २२ धरा. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे विजेवर ५०० लिटर वाचतात, हायब्रिडवर २१०. गाडीच्या किमतीतला फरक पेट्रोलच्या दराने भागून लिटरमध्ये आणा, त्याला या आकड्याने भागा, वर्षं मिळतात. त्यात विमा आणि टायर धरायला विसरू नका. बॅटरीच्या वजनाने आणि मोटरच्या झटक्याने टायर लवकर झिजतात, आणि जास्त भार पेलणारे टायर महाग असतात. ऑइल-फिल्टर वाचतं, ब्रेक पॅड खूप टिकतात. ब्रेक ऑइल मात्र तरीही साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, कारण ते पाणी शोषतं.

प्लग-इन हायब्रिडबद्दल, म्हणजे पेट्रोल इंजिन असूनही बाहेरून प्लग लावून चार्ज करता येणाऱ्या गाडीबद्दल, विचारणारे बरेच असतात. रोज प्लग लावणाऱ्याला ती उत्तम. पण युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत या गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. लोक प्लग लावत नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण.

घरी पोचलो तेव्हा १६ टक्के उरले होते. गाडी लावताना पडद्यावर बारा व्होल्टच्या बॅटरीची सूचना आली. ही छोटी बॅटरी मेली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, कारण मोठ्या बॅटरीचे स्विच हिच्यावरच चालतात. तीन-चार वर्षं झाली असतील तर लांबच्या प्रवासाआधी तपासून घ्यावी. आम्ही प्रवासानंतर तपासली, आणि दुसऱ्याच दिवशी बदलली.