मशीन ठीक होतं

"मॅडम, मशीन बदलूनच द्या. ओरडून ओरडून घसा बसतो आमचा." मुलगा दारातूनच बोलला. दोन महिन्यांत चौथी खेप. वडील शेजारीच उभे, पण बोलणं सगळं त्यांच्या डोक्यावरून. पेशंटला सोबत आणून त्याच्याशी न बोलणारे नातेवाईक मला नवीन नाहीत.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. श्रवणयंत्राच्या तक्रारी बहुतेक वेळा अगदी किरकोळ निघतात. मळाने बुजलेली जाळी, नळीत साचलेलं पाणी, नाहीतर बॅटरीचं स्टिकर काढल्याकाढल्या बंद केलेला कप्पा. (झिंक-एअर बॅटरी मिनिटभर हवेत ठेवावी लागते. मी रोज सांगते, लोक रोज विसरतात.) इथे यातलं काहीच नव्हतं. पुन्हा ऑडिओग्राम, म्हणजे कोणता सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढला, 250 ते 8000 हर्ट्झ. जुन्या आलेखावर तंतोतंत बसला: खालचे सूर बरे, 2000 च्या पुढे घसरण. वयाबरोबर बहुधा असंच होतं. 'आ', 'ओ' ऐकू येतात. 'स', 'त', 'फ' गळतात. म्हणून ओरडण्यात अर्थ नसतो. ओरडलं की स्वर फुगतात, व्यंजनं मागेच राहतात. समोर बसून बोललं तर निसटलेलं बरंचसं ओठांवरून भरून निघतं.

आधीच्या तीन खेपांना दोनदा सहकाऱ्याने आणि एकदा मी आवाज वाढवून दिला होता. पेशंट खूश, रांग पुढे. यंत्रातली नोंद बघायची तसदी कुणी घेतली नव्हती.

यंत्र रोज किती तास कानात होतं आणि तेव्हा भोवती काय होतं, शांतता, बोलणं की गोंगाट, हे त्यात साठत जातं. काकांचे रोजचे बारा तास. असा पेशंट दुर्मीळच, बाकीच्यांची यंत्रं ड्रॉवरमध्ये झोपलेली असतात. खालची पट्टी पाहिली. शांतता 91 टक्के. बोलणं 6. आणि टीव्हीवरचं बोलणंही यंत्र बोलण्यातच धरतं.

मुलाला बाहेर बसवलं. खुर्ची मीटरभरावर ओढली, माझ्या तोंडावर उजेड येईल अशी. नेहमीच्या आवाजात विचारलं, "काका, नेमकं काय ऐकू येत नाही?"

"घरात काहीच ऐकू येत नाही."

मग ते बोलत राहिले. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली. टिकटिक लंगडतेय का, हे घड्याळ कानाशी धरून कळायचं म्हणाले, आणि बोटांनी टेबलावर दोन्ही ठेके वाजवून दाखवले, आधी सरळ, मग लंगडा. मला फरक कळायला दुसऱ्यांदा वाजवावं लागलं. त्यांना मजा वाटली. वीस मिनिटांत एकदाही "काय?" नाही. मध्येच फाईल तोंडासमोर धरून दहा शब्द म्हटले. दोन चुकले फक्त.

मुलाला स्क्रीन दाखवली. तो बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "यात काही सेटिंग होईल का?"

मी काय म्हणाले ते आठवत नाही. काहीतरी तांत्रिक बोलून वेळ मारून नेली असणार.

केसपेपरवर 'यंत्र सुस्थितीत' लिहिलं. पुढची तारीख काकांनीच विचारली. असं यंत्र सहा महिन्यांनी तपासलं तरी चालतं. मी पंधरा दिवसांनंतरची दिली. त्या वेळेला कुठला नवा पेशंट मागे ढकलला गेला, ते वहीत बघायचं मी टाळलं.